आईला निराधार ठरवताना

परदेशी लोकांच्या परवान्यांच्या ऑफिसमधल्या त्या अधिकाऱ्याचा मला पहिल्या भेटीतच राग आला आणि तो अजून उतरलेला नाही. पन्नाशीचा माणूस, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, टेबलावर एक निवडुंग आणि त्याच्या शेजारी माझी फाइल. मी दार ठोठावून आत गेले तेव्हा वर न बघता त्याने खुर्चीकडे हात केला. मी बसले. फाइलमधला एक कागद काढून त्याने माझ्यासमोर सरकवला आणि खालच्या सहीवर बोट ठेवलं.

"ही सही तुमची?"

"हो."

"तुम्ही लिहून दिलंय की आई भेटीला येणार आणि मुदत संपायच्या आत परत जाणार."

"तेव्हा तसंच ठरलं होतं. ती इथे आल्यावर माझ्या लक्षात आलं, तिला आता एकटीला राहणं जमणार नाही."

"तुमच्या लक्षात काय आलं आणि कधी आलं, त्याच्याशी मला कर्तव्य नाही," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "तुमचं जर्मन मात्र उत्तम आहे."

सोळा वर्षं मी या देशात आहे. डार्मश्टाटला शिकले, तिथेच डॉक्टरेट केली, मग दक्षिणेकडच्या या गावात एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत लागले. कायमचा राहण्याचा परवाना मिळूनही काही वर्षं झाली. या सगळ्या काळात ज्या ज्या वेळी टेबलापलीकडच्या माणसाने माझ्या जर्मनचं कौतुक केलं, त्या त्या वेळी मागून नकार आला. त्यामुळे मी आभार मानले नाहीत. आईला इथे ठेवून घेण्यासाठी अर्ज कसा करायचा, एवढंच विचारलं.

"करता येत नाही," तो म्हणाला. "म्हणजे तुम्ही करू शकता. तो अधिकार तुम्हाला आहे. मंजूर होत नाही. अपवाद एकच, हेर्टेफाल."

हा शब्द मला ठाऊक होता. फार हाल होणार असतील, माणूस दुसऱ्याच्या आधाराशिवाय जगूच शकत नसेल आणि तो आधार फक्त इथेच मिळणार असेल, तर त्याला हेर्टेफाल म्हणतात. साध्या म्हातारपणाला म्हणत नाहीत.

"तुमच्या आईला हात धरून उठवावं लागतं का? भरवावं लागतं का?" त्याने विचारलं.

"तिच्या खुब्याचं हाड मोडलंय. वॉकर घेऊन चालते."

"म्हणजे चालते," तो म्हणाला आणि फाइल मिटली.

आई अमरावतीची. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली आणि मी एकुलती एक. आई तहसील कचेरीत अव्वल कारकून होती. कितीतरी वर्षं तिच्याकडे निराधार पेन्शनचं टेबल होतं. ज्यांना बघणारं कुणी नाही अशा म्हाताऱ्यांना आणि विधवांना सरकार महिन्याला थोडे पैसे देतं, त्या अर्जांची छाननी ती करायची. खोटं तिला चटकन कळायचं. मुलगा विचारत नाही म्हणून समोर रडणाऱ्या बाईचा मुलगा बाहेर मोटारसायकलवर बसून वाट बघतोय, हे ती खिडकीतून बघायची आणि तो अर्ज बाजूला ठेवून द्यायची. घरी जेवताना या गोष्टी सांगायची. मला त्या बायकांची दया यायची आणि आईची भीती वाटायची. शाळेच्या सहलीला जायचं असलं तरी मी मनात कारणं जुळवून तिच्यापुढे उभी राहायचे. ती एकच उलटा प्रश्न विचारायची आणि माझं सगळं कोसळायचं.

मागच्या हिवाळ्यात ती बँकेच्या पायरीवरून पडली. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं. मी अमरावतीला पोचले तेव्हा ऑपरेशन होऊन गेलं होतं आणि आई कॉटवर बसून सलाईन नीट लावलं नाही म्हणून नर्सला झापत होती. मला बघून म्हणाली, "तू काऊन आली? उगाच सुट्टी वाया घालवून राहिली."

तिचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी कामाला बाई ठेवली. आईने तिला भांडी कशी घासायची यावरून इतकं सुनावलं की ती परत आली नाही. दुसरी ठेवली. ती रात्री मुक्कामाला थांबायची. तिच्या घोरण्यावरून भांडण झालं, तीही गेली. तिसरी मिळेना. माझी सुट्टी संपत आली आणि मी आईला म्हटलं, चल माझ्यासोबत. ती म्हणाली, "भेटीला येते. व्हिसा जेवढा मिळेल तेवढे दिवस. मग मला परत आणून सोडायचं."

मी हो म्हटलं. तेव्हा मीसुद्धा तेच मनात धरून होते.

ती इथे आली तेव्हा झाडांना नुकती पालवी फुटत होती. आम्ही तळमजल्यावर राहतो, पायऱ्या नाहीत. बाथरूममध्ये धरायला दांडा आहे, दाराबाहेर सपाट फुटपाथ आहे. मला वाटलं, आता सगळं सुरळीत होईल. आईने मात्र आल्या दिवसापासून तोंड वाकडं केलं. रविवारी दुकानं बंद, हे कसलं गाव. बाहेर माणूस दिसत नाही, कुणाच्या घरातून कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. माझा नवरा रेगेन्सबर्गला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, आठवडाभर तिकडेच राहतो आणि शुक्रवारी घरी येतो. त्यावरही तिचं म्हणणं होतं, "हा संसार आहे का बदली आहे?" माझ्या मुलीला मराठी सगळं समजतं, पण ती उत्तर जर्मनमध्ये देते. आई तिला काही विचारायची, मुलगी "या, ग्लाइश", म्हणजे 'हो, आलेच', म्हणून आपल्या खोलीत जायची आणि आई माझ्याकडे बघायची. ते बघणं मला बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

सकाळी मात्र ती खिडकीपाशी बसून बुद्धवंदना म्हणायची. तेवढा वेळ घरात बरं वाटायचं. मी कामावर जायच्या गडबडीत असायचे आणि तिचा आवाज ऐकू यायचा, बारीक आणि अगदी ठाम. त्या आवाजामुळेच बहुतेक मी ठरवलं की हिला परत पाठवायचं नाही. तिला विचारलं. ती म्हणाली, "बघू." तिच्या तोंडी 'बघू' म्हणजे 'नाही', हे मला लहानपणापासून माहीत होतं. मी ऑफिसची वेळ घेतली.

त्याच सुमारास आमच्या प्रयोगशाळेत सांगलीचा एक मुलगा नवीन आला होता. हुशार, हसरा, मला ताई म्हणायचा. एकदा दुपारच्या जेवणाला मी त्याला माझी अडचण सांगितली. त्याने चमचा खाली ठेवला.

"पण ताई, आता आईवडिलांना आणता येतं की. कायदा बदललाय. मी तर दोघांचीही कागदपत्रं पाठवलीत."

मी त्याला सांगितलं की तो कायदा मी वाचला आहे. बदल झाल्यानंतर ज्यांना पहिला परवाना मिळाला, त्यांनाच तो लागू आहे. जे आधीपासून इथे राहतात, ज्यांनी इथे शिकून, नोकरी करून, कर भरून केस पिकवले, त्यांना तो लागू नाही.

"असं कसं असेल?" तो म्हणाला. "तुम्ही नीट विचारलं का?"

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण त्या क्षणापासून मला तो मुलगा नकोसा झाला. कॉफीच्या मशीनपाशी तो दिसला की मी वळून जायचे. त्याच्या मेसेजला उत्तर द्यायला मी दोन दोन दिवस लावायचे. पुढे त्याच्या आईवडिलांच्या अर्जाला होकार आला, तेव्हा तो पेढे घेऊन आमच्या घरी आला. मी दारातूनच घेणार होते. पण आतून आईने आवाज दिला, "कोण आलंय? आत बोलाव ना त्याला."

तासभर दोघं बोलत बसले. त्याचे वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे सरकारी नोकरीच्या गप्पांना तोटा नव्हता. मी स्वयंपाकघरात भांडी आपटत होते. तो गेल्यावर आई म्हणाली, "चांगला पोरगा आहे. तू काऊन तोंड पाडून होती?"

"त्याच्या आईला परवाना मिळाला. तुला मिळत नाही."

"मी मागितला का?"

मी वकील गाठला. त्याचं ऑफिस स्टेशनजवळ होतं. परदेशी लोकांच्या केसेस घेऊन घेऊन कंटाळलेला माणूस वाटला. म्हणाला, फट बारीक आहे, पण आहे. डॉक्टरांचा दाखला जोडा आणि आईच्या नावाने सविस्तर निवेदन द्या. रोज कशाकशाला मदत लागते, रात्री काय होतं, तिकडे कोण आहे, कोण नाही. मग त्याने पेन माझ्याकडे रोखलं. "एक लक्षात ठेवा. ती चांगली आहे, स्वाभिमानी आहे, असं काही लिहू नका. त्याचा उपयोग होत नाही."

निवेदन मी लिहिलं. बरंचसं खरं होतं. पायात मोजे तिला घालता येत नव्हते, अंघोळीला मी बाहेर उभी राहायचे, अमरावतीला रक्ताचं कुणी नव्हतं. काही गोष्टी मी ताणल्या. ती दिवस विसरते, असं लिहिलं. कधीकधी विसरायची, इथे सगळे दिवस सारखेच असल्यामुळे. ती एकटी असताना घाबरते, असं लिहिलं. खरं तर ती एकटी असताना मी घाबरायचे.

शुक्रवारी रात्रीचं जेवण झाल्यावर मी कागद तिच्यापुढे ठेवला. नवरा तिथेच होता.

"काय लिहिलंय?"

"तुला मदत लागते, असं. सही कर."

"वाच."

मी थोडक्यात सांगितलं.

"थोडक्यात नको सांगू. वाच. शब्द न् शब्द."

मी जर्मन वाक्य वाचून त्याचं मराठी करत गेले. ती ऐकत होती, मान खाली घालून, नखाने टेबलक्लॉथची शिवण उकरत. मी संपवलं. तिने शिवण सोडली. मग म्हणाली, "ही कोण बाई आहे?"

"आई, हे ऑफिससाठी आहे. त्यांना असंच लागतं."

"मला सांगून राहिली का ऑफिसला काय लागतं? बत्तीस वर्षं मी काय करत होती? असे अर्ज माझ्या हाताखालून गेले. पोटची पोरं आपल्या मायला दारात आणून बसवत अन् सांगत, हिला बघणारं कुणी नाही. अन् माय खाली मान घालून बसे. मी त्या मायच्या तोंडाकडे बघायची. तेच तोंड घेऊन आता मी बसू?"

"तिथे ते पैशासाठी करत होते. मी तुला जवळ ठेवायला करतेय."

"कारण कोणतंही असो. कागदावर मी निराधारच ना?"

मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही, पण तू आयुष्यभर लोकांना नाही म्हणायचंच शिकलीस, एवढं वाक्य आठवतं. मुलगी खोलीतून बाहेर आली, आमच्याकडे बघितलं आणि दार लावून घेतलं. शेवटी नवरा आईच्या शेजारी जाऊन बसला. "अहो आई," तो म्हणाला, "हिचं डोकं फिरलंय काळजीने. सही करा. मंजूर झालं तर झालं, नाहीतर नाही. माझ्यासाठी करा."

जावयाच्या शब्दाला ती कधी मोडता घालायची नाही. तिने पेन घेतलं आणि आपली पूर्ण सही केली, कचेरीत करायची तशी, खाली दोन रेघा मारून. मग वॉकर घेऊन खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी खिडकीपाशून वंदना ऐकू आली नाही. त्यानंतर ती मनातल्या मनात म्हणायला लागली.

काही आठवड्यांनी ऑफिसचं बोलावणं आलं. अर्जदाराने स्वतः हजर राहावं. मी सोबत आले तर चालेल, पण दुभाषा ऑफिसचा असेल. त्यांच्याकडे मराठीचा नव्हता. हिंदीचा होता, तोही फोनवर. आईला हिंदी उत्तम येतं, त्यामुळे आक्षेप घ्यायला जागा नव्हती.

त्या दिवशी तिने पांढऱ्या काठांची निळी साडी नेसली, खांद्यावर पिन लावली, केस घट्ट बांधले. मी म्हटलं, साधी नेसली असतीस. ती म्हणाली, "कचेरीत जाऊन राहिली ना मी?"

तोच अधिकारी, तोच निवडुंग. त्याने मला कोपऱ्यातली खुर्ची दिली आणि म्हणाला, "आजच्या प्रश्नांना उत्तरं तुमच्या आईने द्यायची. तुम्ही बोलायचं नाही. बोललात तर बाहेर थांबावं लागेल." मग टेबलावरच्या फोनचा स्पीकर लावला. एका पुरुषाचा थकलेला आवाज आला, उत्तर भारतातला कुणीतरी.

पहिले प्रश्न साधे होते. नाव, जन्मगाव, शिक्षण, नोकरी. नोकरीचं ऐकून अधिकाऱ्याने वर बघितलं. दुभाष्याला विचारायला सांगितलं, नक्की काय काम होतं. आईने सांगितलं. कुठल्या टेबलावर किती वर्षं, अर्जाला कोणते दाखले लागत, चौकशीला कोण जात असे. दुभाषा मधे अडखळला तर ती थांबून सोपं करून सांगायची. त्या माणसाच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा कुतूहल पाहिलं. माझ्याशी बोलताना ते कधीच दिसलं नव्हतं.

मग तो निवेदनावर आला.

"स्वयंपाक करता येतो का?"

"येतो. बसून करते. पोळ्या, भाजी, सगळं."

माझ्या कागदावर लिहिलेलं होतं की करता येत नाही. मी खुर्चीत पुढे सरकले. अधिकाऱ्याने माझ्याकडे न बघता हात वर केला.

"अंघोळ?"

"माझी मी करते. ही बाहेर उभी राहते. उभी राहू नको म्हटलं तरी राहते."

"दिवस, वार विसरता का?"

आईने त्या दिवसाचा वार सांगितला. मग तिच्या व्हिसाची मुदत कधी संपते ते सांगितलं, आणि मग म्हणाली, "साहेबांना सांगा, त्यांच्या मागचं कॅलेंडर अजून मागच्या महिन्यावर आहे."

दुभाष्याने ते भाषांतर केलं. अधिकाऱ्याने मागे वळून बघितलं आणि पान उलटलं. त्याला हसू आलं होतं. मला वाटलं, उठून तो निवडुंग खिडकीबाहेर फेकून द्यावा.

"भारतात तुम्हाला मदत करायला कुणी आहे का?"

हाच प्रश्न खरा होता.

"नातेवाईक नाही," आई म्हणाली. "पण माझ्यासोबत कचेरीत काम केलेली एक बाई आहे. विधवा. तिचा मुलगा बाहेरगावी आहे. ती किती दिवसांपासून म्हणून राहिली, दोघी एकत्र राहू. तळमजल्यावर घर आहे तिचं."

हे मला माहीत नव्हतं. तिने मला कधी सांगितलं नव्हतं. माझ्या तोंडून मराठीत निघून गेलं, "कधीपासून? मला का नाही बोललीस?"

"तुम्हाला बाहेर थांबायचंय का?" अधिकारी म्हणाला.

आईने हाताने त्याला थांबवलं, जणू ते तिचंच टेबल होतं. मग तिने वॉकर बाजूला सारला, टेबलाच्या कडेला धरून उठली आणि हात सोडला. मी ताडकन उभी राहिले. ती खिडकीपर्यंत चालत गेली. पाऊल ओढत, उजवीकडे झुकत, पण गेली. खिडकीच्या चौकटीला हात टेकवून जरा दम खाल्ला आणि परत आली. खुर्चीत बसताना तिच्या कपाळावर घाम आला होता. ते चालणं किती दुखरं होतं हे त्या खोलीत फक्त मला कळत होतं, आणि मला बोलायची परवानगी नव्हती.

"साहेबांना विचारा," ती दुभाष्याला म्हणाली, "अर्ज मागे घ्यायचा असेल तर सही कुठे करायची."

मग त्या थकलेल्या आवाजाने जर्मनमध्ये ते विचारलं.

अधिकाऱ्याने लगेच कागद पुढे केला नाही. त्याने तिला सांगितलं, तुम्हाला विचार करायला वेळ आहे, घाई नाही. आई म्हणाली, विचार झालेला आहे. तिने सही केली. तो उठला, टेबलाला वळसा घालून आला, तिचा वॉकर तिच्या हाताशी ठेवला आणि तिच्यासाठी दार उघडून धरलं. "आउफ वीडरझेएन, फ्राउ," असा निरोप घेताना पुढे तिचं आडनाव त्याने सावकाश, नीट उच्चारलं. माझं आडनाव त्याने एकदाही नीट घेतलं नव्हतं. त्या सबंध प्रकरणात मला सगळ्यात जास्त चीड त्या उघड्या दाराची आली.

बाहेर कॉरिडॉरमध्ये माणसं नंबरची वाट बघत बसली होती. मी त्यांच्या समोरच तिला म्हटलं, "झालं समाधान? पोटच्या मुलीचा पाणउतारा करून?"

"तुझा नाही केला," ती म्हणाली. "माझा होत होता, तो थांबवला."

त्यानंतर घरात आम्ही कामापुरतं बोलायचो. जेवण वाढलंय. औषध घेतलं का. मुलीला हा प्रकार कसा कुणास ठाऊक, पण समजला होता. ती आजीच्या खोलीत जाऊन बसायला लागली. बोलायची जर्मनच, आई मराठीच, आणि आतून हसण्याचे आवाज यायचे. मी गेले की थांबायचे.

मला अजून आशा होती. व्हिसाची मुदत संपायला थोडे दिवस होते. वकिलाला विचारून नव्याने काही करता येईल, असं मी मनात घोळवत होते. एका संध्याकाळी कामावरून आले तर आईची बॅग हॉलमध्ये. सांगलीचा मुलगा बॅगेचं हँडल ओढून चाकं बघत होता. मला पाहून त्याचा चेहरा उतरला.

"ताई, काकूंनी तिकीट अलीकडचं करून घ्यायला सांगितलं. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

"तुला काय वाटलं ते मला सांगू नकोस," मी म्हटलं. "तुझे आईवडील आले ना? मग दुसऱ्याची आई काढून द्यायला कशाला आलास? परत या घरात पाऊल टाकू नकोस."

त्याने हँडल आत सरकवलं. बूट घालून निघून गेला. आई सोफ्यावरून म्हणाली, "त्याला काऊन बोलली? मी सांगितलं म्हणून त्याने केलं. माझ्यावर राग काढ."

"तुझ्यावरही आहे."

"असू दे," ती म्हणाली.

फ्रँकफर्टच्या विमानतळावर नवरा आणि मी तिला सोडायला गेलो. व्हीलचेअर मागवली होती. ढकलणारा माणूस आला तेव्हा तिने त्याला खुणेने थांबवलं, जावयाच्या डोक्यावरून हात फिरवला, मग माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. तिने माझ्या पावसाळी कोटाचं वरचं बटण लावलं. "गार वाऱ्यात उघडं ठेवत जाऊ नको," म्हणाली. मी मागे सरकले आणि ते बटण काढलं. लहान मुलासारखं वागले असेन, पण त्या वेळी मला तेवढंच करता येत होतं. ती खुर्चीत बसून आत गेली. वळून बघितलं नाही.

अमरावतीला ती त्या मैत्रिणीकडे राहायला गेली. आपला फ्लॅट भाड्याने दिला. दोघी भांडतात, हे मला फोनवर दोघींकडून वेगवेगळं कळतं. टीव्हीच्या आवाजावरून, दही कुणी विरजायचं यावरून. तरी सकाळी दोघी मिळून विहारात जातात, रिक्षावाला ठरलेला आहे. तिचं चांगलं चाललंय, हे मला दर रविवारी ऐकून घ्यावं लागतं. नवरा म्हणतो, तुला आनंद व्हायला पाहिजे. होतो. पण फोन ठेवला की मी उगाच कपाटं आवरायला घेते आणि घरातलं कुणी माझ्या वाटेला जात नाही.

सांगलीच्या मुलाचे आईवडील इथेच आहेत. त्याची आई मला एकदा नदीकाठी बाकावर भेटली. मी नमस्कार केला. ती माझ्याकडे आशेने बघत होती, मराठी बोलायला कुणी मिळालं म्हणून. मी घाईत आहे, असं सांगून पुढे गेले. तो मुलगा माझ्याशी अजूनही अदबीने वागतो आणि मला ते सहन होत नाही.

या डिसेंबरात मी अमरावतीला गेले होते. आईच्या मैत्रिणीने दार उघडलं आणि आत बघून म्हणाली, "तुझी पाहुणी आली गं." आई ओट्यापाशी उंच स्टुलावर बसून वांगी चिरत होती. मी वाकून पाया पडले. ती म्हणाली, "किती दिवस?"

"पंधरा."

"मुदतीत परत जाईन म्हणून तिकडे सही करून आली का?"

तिने एक वांगं माझ्या हातात दिलं आणि भिंतीशी टेकवलेल्या विळीकडे बोट केलं. मी खाली बसून चिरायला लागले. फोडी मोठ्या होत होत्या. तिने त्या पाण्यात टाकताना बघितल्या आणि मला दिसेल अशा बेताने एकेक उचलून परत बारीक करायला घेतल्या.